ताई, राग मानू नका, पण...

बिलाच्या काउंटरवर मी कपडे धुण्याच्या पावडरचं मोठं पाकीट बिलातून काढायला सांगितलं आणि छोटं घेतलं. घडलं एवढंच. पण रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना ते सोसलं नाही. "ताई, राग मानू नका, पण..." अशी सुरुवात झाली. या वाक्यानंतर राग येणार नाही असं काही कुणी बोलल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

"मोठं पाकीट स्वस्त पडतं. छापील किंमत नाही बघायची, 100 ग्रॅमला काय भाव पडतो ते बघायचं." आवाज असा, की रांगेतल्या शेवटच्या माणसाचंही प्रबोधन व्हावं.

"माहीत आहे काका."

"माहीत असून छोटं घेता?"

याचं उत्तर एका वाक्याचं आहे: मोठ्या पाकिटाइतके पैसे या महिन्यात नाहीत. पण हे वाक्य अनोळखी माणसांच्या रांगेत उच्चारायचं नसतं, म्हणून मी नुसती हसले. काकांना ती परवानगी वाटली.

"घरी मोबाईलचा चार्जर प्लगमध्येच राहत असेल."

मी हो किंवा नाही म्हणायच्या आतच ते बाकीच्यांकडे वळले. "बघा! गळती तिथे आहे. मी रोज झोपण्यापूर्वी सगळ्या खोल्यांत फिरून एकेक बटण बंद करतो. थेंबे थेंबे तळे साचे!" काउंटरवरच्या मुलीने मान डोलावली. तिला त्यांचं बिल लवकर उरकायचं असावं. त्यांच्या ट्रॉलीत खोलीत मारायच्या सुगंधी फवाऱ्याच्या आठ बाटल्या होत्या, चारवर चार मोफत. आठांची गरज असेल तर ती पन्नास टक्के सूट. एकाच बाटलीची असेल तर चारपट खर्च. हे मी बोलले नाही. मी फक्त विचारलं, "आणि गिझर?"

"तो असतो चालूच. कुणाला कधी गरम पाणी लागेल, सांगता येतं का?"

आता हिशेबच मांडते, कारण तो तिथे मांडता आला नाही. नवा, बरा चार्जर नुसता लावून ठेवला तर साधारण 0.1 वॉट खातो. वर्षाचे 8,760 तास धरले तरी एक युनिट पुरतं भरत नाही. 2,000 वॉटचा गिझर तेवढी वीज 26 मिनिटांत संपवतो. म्हणजे काकांची वर्षभराची रात्रीची गस्त एका सकाळीच धुऊन निघते. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला अशा गिझरला जेमतेम 18 मिनिटं लागतात; आंघोळीच्या वीस मिनिटं आधी बटण दाबलं तरी पुरतं. दिवसभर चालू ठेवला, तर टाकी निवत राहते आणि थर्मोस्टॅट ती पुन्हापुन्हा तापवत राहतो. ते पाणी कुणी वापरत नाही, पैसे मात्र लागतात.

थेंबांचंच तळं साचवायचं असेल, तर काकांनी संडासाच्या फ्लशटाकीकडे बघावं. टाकीत थोडा रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला, तर तळाची रबरी झडप गेली. ती बदलणं किरकोळ काम आहे, पण हे पाणी आवाज न करता भिंतीला चिकटून उतरतं, त्यामुळे महिनोन्‌महिने कळत नाही. नळ निदान टपटपतो तरी.

पावडरीचंही तसंच. पाकीट कितीचं आणलं यापेक्षा माप किती पडतं ते बघावं. मापावर आत रेघा असतात आणि त्या कुणी वाचत नाही. माप काठोकाठ भरून ओततात. फेस जास्त झाला की कपडे पुन्हा खंगाळावे लागतात, म्हणजे पावडरही गेली आणि पाणीही. शिवाय मोठं पाकीट घरात असलं की हात सैल सुटतो, तो भाग वेगळाच.

तरीही काकांचं गणित चूक नव्हतं, आणि खरा संताप त्याचाच आहे. मोठं पाकीट स्वस्तच पडतं, पण ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्यालाच. 75 वॉटचा जुना पंखा काढून 30 वॉटचा लावला आणि तो रोज बारा तास फिरला, तर वर्षाला दोनशेच्या आसपास युनिट वाचतात. पण पंखा आधी विकत घ्यावा लागतो. विम्याचा हप्ता वर्षाचा एकदम भरला तर बहुधा कमी पडतो, महिन्यामहिन्याने भरला तर जास्त. आणि नड भागवायला क्रेडिट कार्ड काढून नुसती 'किमान रक्कम' भरत राहिलात, तर महिना 3 टक्क्यांचं व्याज चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ 43 टक्के होतं. ज्याच्याकडे कमी, त्यालाच सगळं महाग. आणि काटकसरीचे धडेही त्यालाच, तेही रांगेत, मोठ्या आवाजात.

यातून वर यायची रीत आहे, पण कंटाळवाणी. हमखास संपणारी आणि खराब न होणारी एकच वस्तू निवडायची. एखाद्या महिन्यात दुसरं काहीतरी पुढे ढकलून तिचं मोठं पाकीट आणायचं. पुढच्या खेपेला वाचलेला फरक खर्चात मिसळू न देता बाजूला ठेवायचा, आणि तो पुरेसा साठला की दुसऱ्या वस्तूचं मोठं पाकीट. वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहून काढून त्यांना बाराने भागायचं आणि तेवढी रक्कम पगार झाल्याच दिवशी वेगळी काढायची, महिनाअखेर काही उरेल म्हणून थांबायचं नाही. अशी चार-पाच पाकिटं रांगेला लागेपर्यंत वर्ष उलटतं. आणि मग वॉशिंग मशीन बिघडतं.