धण्याच्या पाण्याने थायरॉइडची गोळी सुटत नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पुण्याहून वहिनींनी आणि अहमदाबादहून मावशींनीही तोच पाठवला: 'थायरॉइड मुळापासून बरा. रात्री धणे भिजत घाला, सकाळी अनशापोटी पाणी प्या, 21 दिवसांत गोळी बंद. कोबी-फ्लॉवर वर्ज्य, आयोडीनच्या मिठाऐवजी सैंधव. गर्भवतींनाही चालतं.'

मुळात 'थायरॉइड' म्हणून आपण म्हणतो ते दोन उलट आजार आहेत. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की थकवा, बद्धकोष्ठ, वाढतं वजन, आणि बडोद्याच्या मे महिन्यातही 'पंखा बंद करा'. ती जास्त चालली की धडधड, हात थरथरणं, पोटभर जेवूनही उतरणारं वजन. एकीत हार्मोन बाहेरून द्यावं लागतं, दुसरीत ते बनणं रोखावं लागतं. दोन्हींवर एकच पाणी कसं चालेल? रिपोर्ट वाचतानाही इथेच घोळ होतो. टीएसएच (ग्रंथीला काम करायला लावणारं हार्मोन) 12 आला की बायका म्हणतात, 'माझा थायरॉइड वाढलाय.' खरं तर ग्रंथी कमी पडतेय म्हणून मेंदूतली पिट्युटरी टीएसएच वाढवून तिला कामाला लावू बघतेय.

आता 21 दिवस. खरी मेख इथे आहे. थायरॉक्सिनची, म्हणजे त्या कमी पडणाऱ्या हार्मोनचीच, गोळी थांबवली तरी शरीरातलं औषध निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि श्रेय धण्यांना मिळतं. मग हळूहळू चेहरा सुजतो, आवाज घोगरा होतो. डोस बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघायला सांगतात, तेही याचसाठी.

धण्याचं पाणी आवडत असेल तर प्या, पण नंतर. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी.

कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा.

सैंधवात आयोडीन नगण्य असतं आणि हार्मोन तयार व्हायला आयोडीन लागतंच. घरच्या सगळ्यांचं मीठ बदलू नका.

'गर्भवतींनाही चालतं' हे वाक्य वाचून मात्र मला राग आला. पहिल्या तिमाहीत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते, आणि गोळी घेणाऱ्या बहुतेकींना तेव्हा डोस वाढवावा लागतो. दिवस राहिल्याचं कळलं तरी गोळी चालूच ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि टीएसएच तपासून घ्या.