‘कर्मचारी आधी’ म्हणजे लाड? त्या व्हायरल संदेशातला एकेक मुद्दा

व्यवस्थापकांच्या ग्रुपमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘पगार ग्राहक देतो, म्हणून ग्राहक आधी. कर्मचाऱ्यांना मोकळीक दिली की काम घटतं. कोणी सोडून गेला तर दुसरा मिळतो. तक्रार असेल तर साहेबांचं दार उघडं आहेच. बाकीचं सगळं मोठ्या कंपन्यांनाच परवडतं.’ वाचायला खणखणीत आहे, म्हणून लगेच पुढे पाठवला जातो. कामाच्या हिशेबात मात्र तो टिकत नाही, आणि या चुकीच्या हिशेबाची किंमत माणसं आपल्या तब्येतीने मोजतात.

‘पगार ग्राहक देतो, म्हणून ग्राहक आधी.’ ग्राहक मोठा की कर्मचारी, हा वादच नाही. माणसं, वेळ किंवा माल कमी पडला की ती तूट कोणाच्या माथी मारायची, एवढाच प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी ती कर्मचाऱ्याच्या जेवणाच्या सुट्टीतून, नाहीतर मंजूर झालेल्या रजेतून भरून काढतात, आणि त्याने ग्राहकाचंही भलं होत नाही. काउंटरवरच्या माणसाला पैसे परत द्यायचा अधिकार नसेल तर तो ग्राहकाला ताटकळत ठेवून वरिष्ठाची वाट बघतो, आणि शिव्याही तोच खातो. उपाय साधा आहे: एका ठरावीक रकमेपर्यंत निर्णय त्याचा, कोणाला विचारायचं नाही. आठवड्यातून एकदा अशा निर्णयांचा आढावा घ्यायचा, पण तो मर्यादा वाढवायची की नियम बदलायचा हे ठरवण्यासाठी. त्या बैठकीत कोणाची झाडाझडती सुरू झाली की पुढच्या आठवड्यापासून सगळे पुन्हा वरिष्ठाकडे बोट दाखवू लागतात.

याचं ठळक उदाहरण वाहन उद्योगात आहे. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. तिथली गैरहजेरी 20 टक्क्यांच्या आसपास असायची. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुम्मी’ नावाने सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच होते, गैरहजेरी मात्र 2-3 टक्क्यांवर आली. एकाच गोष्टीला श्रेय देता येणार नाही, पण तिथे प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी होती. काम अडलं की ती ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, टीम लीडर धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर अडचण सुटली तर लाइन चालूच राहते, नाहीतर थांबते. या व्यवस्थेचा जीव लीडरच्या पहिल्या प्रश्नात आहे. ‘काय अडलं?’ विचारलं तर दोष तिथल्या तिथे सापडतो. ‘कोणी ओढली?’ विचारलं तर दोरीला पुन्हा कोणी हात लावत नाही, आणि दोष ग्राहकाच्या घरी पोचतो.

‘मोकळीक दिली की काम घटतं.’ माणूस पूर्ण वेळ व्यग्र दिसला म्हणजे काम जास्त होतं, हा समज या वाक्याच्या मुळाशी आहे. समजा एकच माणूस आहे, कामं केव्हाही येतात आणि प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो, सरासरी 10 मिनिटं. रांगेच्या साध्या गणितानुसार तो 80 टक्के वेळ व्यग्र असेल तर नव्या कामाला सरासरी 40 मिनिटं थांबावं लागतं. 90 टक्क्यांवर ती 90 मिनिटं होतात, 95 टक्क्यांवर 190. शेवटचे 15 टक्के पिळून काढले की प्रतीक्षा जवळपास पाचपट होते. म्हणजे दिवसातली मोकळी मिनिटं वाया जात नाहीत, त्यांच्यामुळेच काम वेळेवर होतं.

माणसं किती लागतील याचा हिशेबही इथेच चुकतो. आठवड्याचे 5 दिवस धरले तर वर्षाला 260 दिवस. सुट्ट्या, रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून 40 दिवस वजा केले की हाती 220 उरतात. 260 भागिले 220 म्हणजे 1.18. दहा जागा रोज भरलेल्या हव्या असतील तर बारा माणसं लागतात. पटावर दहाच ठेवली की प्रत्येक रजा दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर पडते आणि रजा मागणाराच गुन्हेगार ठरतो. मग तास वाढतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या संयुक्त अंदाजानुसार आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी जास्त असतो. असे तास लावणाऱ्या रोस्टरला, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकाला, शिस्त म्हणायला आमची तयारी नाही.

‘एक गेला, दुसरा येतो.’ फोर्डच्या कारखान्यात 1913 मध्ये हेच चालू होतं. सुमारे 14,000 माणसं कामावर ठेवण्यासाठी वर्षात 52,000 भरती करावी लागली. 1914 मध्ये कंपनीने 8 तासांना 5 डॉलर देऊ केले आणि 370 टक्क्यांवरची गळती, म्हणजे एकूण जागांच्या तुलनेत वर्षभरात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, 1915 पर्यंत 16 टक्क्यांच्या आसपास आली. तरीही याला आम्ही आदर्श म्हणणार नाही. त्या 5 डॉलरसाठी पात्र ठरायचं तर कंपनीचे निरीक्षक घरी येऊन राहणी, बचत, दारू यांची चौकशी करत. चांगला पगार दिला म्हणजे माणसाच्या घरावर हक्क मिळत नाही.

‘दार उघडं आहेच.’ त्या दारातून आत जाणाऱ्याला सगळे बघतात, म्हणून कोणी जात नाही. एचसीएल टेक्नॉलॉजीज या आयटी कंपनीने 2005 नंतर वेगळी वाट धरली: एचआर, अकाउंट्स, प्रशासन अशा विभागांविरुद्ध कर्मचारी तिकीट काढू शकत, म्हणजे संगणकावर तक्रार नोंदवू शकत, आणि समाधान झाल्यावर ते बंद करायचा अधिकारही कर्मचाऱ्याचाच. तुमच्याकडे सॉफ्टवेअर नसेल तर वही चालेल. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, एक जबाबदार माणूस, उत्तराची तारीख. बंद करण्याची सही तक्रारदाराचीच हवी. ती विभागाकडे दिली की आकडे सुंदर दिसतात आणि तक्रारी तशाच राहतात. निनावी सर्वेक्षण करत असाल तर पाचपेक्षा लहान टीमचे निकाल वेगळे दाखवू नका, कोण काय बोललं ते लगेच ओळखू येतं.

‘मोठ्यांनाच परवडतं.’ दोन जास्त माणसांना पैसे लागतात, हे खरं. पण रोस्टर 14 दिवस आधी लावणं, त्यानंतरचा बदल संबंधिताच्या होकाराशिवाय न करणं, रात्री सुचलेला मेल सकाळी जाईल असा लावून ठेवणं, याला पैसे लागत नाहीत. सुरुवात गेल्या महिन्याच्या कागदांपासून करा. 24 तासांच्या आत किती पाळ्या बदलल्या, किती रजा नाकारल्या, किती जेवणाच्या सुट्ट्या बुडाल्या, हे मोजा आणि आकडे सर्वांना दिसतील असे भिंतीवर लावा. नाकारलेल्या रजेपुढे कारण लिहा. ‘माणूस नाही’ हेच कारण पुन्हा पुन्हा दिसलं तर पुढची भरती त्याच पाळीसाठी करा.