डब्बा बोलला पाहिजे

पेमेंट कंपनीत नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. तीही कालपरवा उगवलेल्या नाही, चांगल्या प्रस्थापित कंपनीत. तुमचं पद इतकं लांबलचक आहे की लग्नाच्या बायोडाट्यात दोन ओळी सहज भरतील. यवतमाळकडच्या दिग्रस-आर्णीच्या पट्ट्यात मात्र तुम्ही डब्बेवाला. डब्बा म्हणजे फोनवरून पैसे आले की दुकानात ओरडून सांगणारा साउंडबॉक्स. ते मनाला लावून घेऊ नका.

आधी धंदा समजून घ्या. यूपीआय आलं एप्रिल २०१६ मध्ये. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली आणि ज्यांच्या घरात धड चार्जर नव्हता त्यांनाही क्यूआर म्हणजे काय ते कळलं. मग १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घेणं सरकारने बंद केलं. म्हणजे पानठेल्यावर तीस रुपयांचा खर्रा फोनवरून विकला गेला, तर त्या तीस रुपयांतून कंपनीच्या हाती सुपारीचं खांडही लागत नाही. म्हणून कंपनी डब्ब्याचं भाडं घेते, कर्ज वाटते, विमा खपवते. पेमेंट कंपनीत पेमेंट सोडून सगळं विकायचं असतं, एवढं पहिल्याच दिवशी कळलं तर पुढचा बराच त्रास वाचतो.

विकायचं कसं? ट्रेनिंगमध्ये दाखवलेल्या स्लाइड विसरून जा. ठेल्यावरचे काका तुमच्या गळ्यातलं कार्ड पाहतच नाहीत. ते विचारतात, "तू गुरुजीचा पोरगा व्हय ना?" तुम्ही हो म्हणालात की डब्बा विकला गेला. आधार-पॅन नंतर लागतं, खरी केवायसी तुमची झालेली असते. कंपनीचा ब्रँड शहरात चालत असेल, इकडे तुमच्या बापाची पुण्याई चालते. तिच्यासाठी कंपनी वेगळा भत्ता देत नाही.

डब्बा लागला की तो 'अॅक्टिव्ह' दिसला पाहिजे. मे महिन्यात, पारा ४५ वर, दुपारी दोन वाजता ठेल्यावर कुत्रंही नसतं. अशा वेळी स्वतःच्या फोनवरून एक रुपया टाका. मग भावाच्या. मग आईच्या. "एक रुपया प्राप्त झाला," डब्बा आनंदाने ओरडतो, काका डोळे किलकिले करून तुमच्याकडे बघतात, तुम्ही दुकानासह सेल्फी काढून लोकेशन पाठवता. टीम लीडरचं एकच वाक्य असतं: डब्बा बोलला पाहिजे. महिनाभरात तो मुका झाला तर दिलेला इन्सेन्टिव्ह पुढच्या पगारातून परत जातो.

कर्ज विकताना जरा जास्त निगरगट्ट व्हावं लागतं. हप्ता रोज कापला जातो, गल्ल्यातून थोडा थोडा, कळणारही नाही असं सांगायचं असतं. ही योजना आखणाऱ्याने आमच्याकडचं किराणा दुकान पाहिलेलं नसावं. इथं जूनमध्ये पेरणी लागली की अख्खं गाव वहीवर जगतं. तेल, साखर, चहापत्ती, सगळं उधार. पैसा येतो तो दसरा-दिवाळीनंतर कापूस विकल्यावर, तोही भाव बरा मिळाला तर. मधले चार-पाच महिने दुकानदार रोजचा हप्ता कुठून भरणार? सकाळच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये हा प्रश्न मी एकदा विचारला. पाण्याच्या टाकीखाली उभा होतो, गावात रेंज तिथंच मिळायची. उत्तर आलं, "निगेटिव्ह राहू नका." त्यानंतर मी कॅमेरा बंद ठेवू लागलो. तुम्हीही ठेवा, रेंज नाही म्हणून सांगता येतं.

सुट्ट्यांच्या यादीत पोळा शोधू नका. त्या दिवशी बैल सुट्टीवर असतात, तुम्ही नसता.

पैसे अडकतील, ते तर होणारच. गिऱ्हाईकाच्या खात्यातून गेले, डब्बा गप्प. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे: दुकानातल्या अशा फसलेल्या व्यवहाराचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत व्हावेत, नाही झाले तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई. नियम पाठ करा, पण ठेल्यावर बोलून दाखवू नका. मी दाखवला होता. सहाव्या दिवशी काकांनी ते रोजचे शंभर माझ्याकडेच मागितले. कंपनीला फोन लावा म्हटलं, तर म्हणाले, "आमी कंपनीले वयखत नाई बावा, तुले वयखतो." हेल्पलाइनवर अर्धा तास गाणं ऐकून मी खिशातून दोनशे चाळीस काढून दिले. यालाच रिव्ह्यूमध्ये 'मर्चंट रिलेशन' म्हणतात, आणि त्यात मला चांगले गुण होते.

राजीनामा मात्र बेलाशक द्या. प्रस्थापित कंपनीला त्याने काही होत नाही. तुमची जागा आठ दिवसांत भरते, लॉगिन त्याच संध्याकाळी बंद होतं, इन्सेन्टिव्हचा हिशेब तेवढा 'प्रोसेसमध्ये' राहतो. फक्त लोकांना हे सांगायचं कोणी, ते ठरलेलं नसतं. त्यामुळे दुकानदार बंद पडलेले, भाडं परवडत नसलेले डब्बे तुमच्या घरी आणून देतात. "तुह्या भरोशावर घेतला होता." आमच्याकडे असे सात जमलेत. आईने ते कोनाड्यात मांडलेत आणि धूळ बसू नये म्हणून वर फडकं टाकलंय. त्यातला एक तिने चार्जिंगला लावून ठेवलाय, वस्तू चालू असलेली बरी म्हणून.

परवा दुपारी जेवून आडवा झालो होतो. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. फडक्याखालून डब्बा बोलला, "एक रुपया प्राप्त झाला."

थोड्या वेळाने पुन्हा. एक रुपया.

आई घाबरून स्वयंपाकघरातून आली. मी तिला म्हटलं, काही नाही, नवा पोरगा लागला असेल. तिने विचारलं, "कोणाचा?"