फुंकर मारून जंतू जात नाहीत, आत्या

परवा मंगळवार पेठेत आत्याकडं गेलो होतो. नातवाच्या हातून कलिंगडाची फोड फरशीवर पडली. आत्यानं उचलली, फुंकर मारली आणि पोराच्या तोंडात कोंबली. वर मला मोबाईल दाखवला. पाच सेकंदांत उचललं तर जंतू चिकटत नाहीत, या शोधाला नोबेल मिळालंय, कोरड्या फरशीवर जंतू नसतातच, आणि थोडी घाण पोटात गेलेली बरी! भावकीच्या ग्रुपवर तिघांनी टाकलाय हा मेसेज.

नोबेल नव्हे, इग नोबेल. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. २००४ साली शिकागोच्या जिलियन क्लार्क या शाळकरी मुलीला मिळालं. तिनं टाइलवर मुद्दाम ई. कोलाय नावाचे जंतू लावून बिस्किटं आणि जेलीच्या गोळ्या टाकल्या, तर पाच सेकंदांच्या आतच जंतू चढले. म्हणजे ज्या प्रयोगाचा दाखला देताय, त्याचाच निकाल उलटा आहे!

आता कलिंगड. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात डोनाल्ड शॅफनर यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ साली याचा पार कीस पाडला. स्टील, टाइल, लाकूड, कार्पेट. त्यावर कलिंगड, ब्रेड, लोणी लावलेला ब्रेड, जेलीची गोळी. जंतू दोन वेगळ्या द्रावणांत. वेळ सेकंदाच्या आत, ५, ३० आणि ३०० सेकंद. प्रत्येक मेळ वीसदा, एकूण २,५६० मोजमापं. पगारी माणसं फरशीवर कलिंगड टाकत बसली होती, हसा खुशाल. पण सगळ्यांत जास्त जंतू उचलले ते कलिंगडानंच. जंतूंना पाय नसतात, ते ओलाव्याबरोबर सरकतात.

"मी तीनच सेकंदांत उचललेली," आत्या म्हणाली. अगं, काही वेळा सेकंदाच्या आतच काम झालेलं!

जास्त वेळ पडून राहिलं तर जास्त जंतू, एवढं मात्र खरं. आणि टाइलपेक्षा कार्पेटवरून कमी चढले, हेही मान्य करतो, नाइलाजानं.

कोरड्या फरशीचं म्हणाल, तर गोठ्यावरून धारोष्ण दूध पिऊन आलेल्यांची पायताणं तिथल्या घाणीसकट उंबऱ्याच्या आत येतात, त्यावर काय बोलायचं? आणि पोरानं मातीत खेळणं वेगळं, त्याला फरशी चाटवणं वेगळं.

नातू ठणठणीत आहे. त्या फरशीवर त्या दिवशी वाईट काही नसेल, इतकंच. क्लार्कनं जिथं प्रयोग केला, त्या इलिनॉय विद्यापीठातल्या फरश्याही तिला बऱ्यापैकी स्वच्छच सापडल्या होत्या.