रातकिडा, फाशी आणि बाबांचा वाकस

आज बहिणीच्या मुलीला शाळेत बक्षीस मिळालं. पुठ्ठ्याचं, चकचकीत पुस्तक, पिनोकिओ, त्या लाकडी बाहुल्याची गोष्ट. मी हौसेनं उघडलं. सोळा पानं. बोलणारा रातकिडा त्याचा जिवलग मित्र, शेवटी सगळे हसतायत, आणि मलपृष्ठावर चौकटीत 'बोध : खोटं बोलू नये'. डोकं फिरलं. दुपारपासून तेच चाललंय, म्हणून लिहायला बसले.

आमचे बाबा मेस्त, म्हणजे सुतार. पोर्तुगीज आमदानीत वाढलेले, अक्षरओळखीपुरतीच शाळा. मी पाचवीत होते, पावसाचे दिवस, बाबा पडवीत आदोळीचे, म्हणजे विळीचे, पाट करत बसलेले. बाईंनी वाचायला दिलेला, पानं सुटलेला मराठी अनुवाद मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. पहिल्याच प्रकरणात सुतार ओंडक्याला कुऱ्हाड लावतो आणि आतून आवाज येतो, हळू मार रे! मग तो रंधा मारतो, तर ओंडका हसतो, गुदगुल्या होतायत म्हणतो. बाबांनी हातातला वाकस, लाकूड तासायचं हत्यार, खाली ठेवला. "आनी मागीर?"

त्या 'मागीर'साठी, 'आणि मग?'साठी, मी आयुष्यभर वाचत आले.

आता ती चौकट. नाक खोटेपणामुळे वाढतं म्हणे! अहो, त्या ओंडक्यातून म्हातारा जेपेत्तो बाहुला कोरत असतो तेव्हाच ते नाक वाढायला लागतं. तो कापतो, ते आणखी लांब होतं. तेव्हा बाहुल्याला तोंडसुद्धा नव्हतं, ते नंतर कोरलं. कुठलं खोटं बोलला असेल? पुढे निळ्या केसांच्या परीला तो थापा मारतो तेव्हा नाक वाढतं हे खरं, मान्य. पण ते नाक आखूड करायला परी हजारभर सुतारपक्षी बोलावते. मुलांना हवे असतात ते हे सुतारपक्षी. तेच गाळले.

आणि रातकिडा! पुस्तकात तो शंभर वर्षं त्या खोलीत राहिलेला, चार शहाणपणाचे शब्द बोलतो, आणि पिनोकिओ लाकडी हातोडा फेकून त्याला भिंतीवरच ठार करतो. चौथ्या प्रकरणात. तो मित्रबित्र १९४०च्या चित्रपटानं केला, आणि तेव्हापासून सगळ्यांना तोच खरा वाटतो.

लिहिणारा कार्लो लोरेंझिनी, फ्लॉरेन्सचा. वडील एका श्रीमंत घराण्यात स्वयंपाकी. आईच्या गावाचं नाव कोल्लोदी, तेच त्यानं लेखनासाठी घेतलं. १८७५च्या सुमारास त्यानं फ्रेंच परीकथा इटालियनमध्ये आणल्या, म्हणजे पऱ्या त्याला ठाऊक होत्या. पण त्याच्या गोष्टीत राजा नाही. तो सुरुवातीलाच सांगतो, एक राजा होता असं तुम्हाला वाटेल, पण नाही, एक लाकडाचा तुकडा होता. जेपेत्तोच्या घरी भिंतीवर चूल रंगवलेली, वर उकळतं भांडं, तेही रंगवलेलं. खरी चूल नाहीच. हे मी वाचलं तेव्हा आई आतल्या चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

शेगडीवर पाय जळतात, जेपेत्तो नवे करून देतो, तिथे बाबांनी थांबवलं. "लाकूड सुकें आसलें?" मी मागे जाऊन शोधलं. सुकलेल्या लाकडाचे, असंच लिहिलेलं होतं. बाबांनी मान हलवली. "म्हणजे ताका काम येता." त्याला काम येतं. दुसऱ्या कुणा लेखकाला बाबांनी अशी पावती दिल्याचं मला आठवत नाही. सोळा पानांत या पायांना जागा नाही. भर थंडीत जेपेत्तो अंगातला कोट विकून मुळाक्षरांचं पुस्तक आणतो, आणि पोरगा ते बाहुल्यांच्या खेळाच्या तिकिटासाठी विकून टाकतो, त्यालाही नाही.

कुणीतरी म्हणेल, फाशीचा प्रसंग लहान मुलांना कसा द्यायचा? बरं, भीती वाटते. मलाही वाटली, त्या रात्री आईजवळ झोपले. पण ऐका. ही गोष्ट रोममधल्या मुलांच्या साप्ताहिकात १८८१च्या जुलैपासून क्रमशः येत होती. ऑक्टोबरात कोल्लोदीनं बाहुल्याला ओकच्या झाडाला लटकवलं आणि गोष्ट संपवली. संपवलीच! वाचकांना ते पटेना, पुढे काय ते हवं होतं. १८८२च्या फेब्रुवारीत गोष्ट पुन्हा सुरू झाली, परीनं त्याला खाली उतरवलं, आणि १८८३ मध्ये पुस्तक आलं. मुलं पुढचं मागत राहिली म्हणून आज पिनोकिओ आहे. त्याच मुलांना घाबरट समजून तुम्ही पानं कापता?

त्या झाडापाशी मी रडत पुस्तक मिटलं होतं. पाऊस कौलांवर बदाबदा. बाबा काही समजावत बसले नाहीत. भुसा झटकला आणि तेवढंच विचारलं, "आनी मागीर?" मला पान उलटावं लागलं.

राग उतरलाय आता. पोरीचा काय दोष, ती तर पुस्तक उशाशी घेऊन झोपलीय. रविवारी तिला घरी बोलावलंय, पहिल्या प्रकरणापासून वाचून दाखवणार आहे, रातकिड्यासकट.

बाबांचं एक राहिलं. पहिलं प्रकरण वाचलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पडवीत दात घासत होते. बाबांनी फणसाचा नवा ओंडका पुढ्यात ओढला, वाकस उचलला, आणि मारण्याआधी ओंडक्यावर बोटांनी दोनदा टकटक केलं. कान लावला. लाकूड पोकळ आहे का ते बघत असतील, असं माझी बहीण म्हणते. मी तिथे होते. बाबा थोडा वेळ थांबले होते.