अंतराळयानात नोकरी धरणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

अभिनयात नाव काढायचंय ना? मग ऐतिहासिक, कौटुंबिक वगैरे नाद सोडा आणि सरळ अंतराळयानात नोकरी धरा. काम तीन वर्षांचं, भांडण पन्नास वर्षांचं. असा परतावा मुदत ठेवीतही मिळत नाही. नमुन्यादाखल ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची मालिका घ्या. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाली आणि ७९ भाग करून १९६९ च्या जूनमध्ये गुंडाळली गेली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखवली, तेव्हा मंडळी किती गुण्यागोविंदाने ग्रहामागून ग्रह पालथे घालताहेत असं वाटायचं. यानाच्या आतलं राजकारण आपल्यापर्यंत पोचायचं होतं.

करारावर सही करण्याआधी एकच विचारा: मधली फिरती खुर्ची कोणाची? ती विल्यम शॅटनरला मिळाली. बाकीच्यांच्या वाट्याला बटणं दाबणं आणि ‘हो कॅप्टन’ म्हणणं आलं. खुर्ची गेलीच असेल तर निदान कान तरी मागून घ्या. लेनर्ड निमॉयने तेच केलं. पहिल्या वर्षी त्याचा पगार कॅप्टनच्या पावपट होता: तिकडे पाच हजार डॉलर, इकडे साडेबाराशे. पण टोकदार रबरी कान लावलेल्या स्पॉकला प्रेक्षकांची पत्रं पोत्यांनी येऊ लागली. निमॉयने पगार वाढवून मागितला आणि तो मिळालाही. मग कॅप्टनने संहिता हातात घेऊन कोणाला किती ओळी आहेत ते बघायला सुरुवात केली, असं सहकाऱ्यांनी नंतर सविस्तर लिहून ठेवलंय.

सहकाऱ्यांशी खेळीमेळीने वागावं हे तर आलंच. निमॉयला जेवायला वेळ थोडा मिळायचा. रांगेत पुढे नंबर लागावा म्हणून त्याने स्टुडिओत सायकल ठेवली होती. शॅटनरने ती लपवली. निमॉयने साखळी लावली, तर शॅटनरने साखळी तोडली. मग सायकल आपल्या खोलीत नेऊन ठेवली आणि राखणीला स्वतःचा डॉबरमन कुत्रा बसवला. शेवटी दोर लावून ती थेट स्टुडिओच्या छताला टांगली. खाली स्पॉक, भुवया वर, पोटात कावळे. हा किस्सा शॅटनरने स्वतःच मोठ्या कौतुकाने सांगितलाय. सायकलवाल्याला तेव्हा किती हसू आलं असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. दोघांना बरोबरीने मिळालेली एकच गोष्ट म्हणजे कान वाजण्याचा आजार. सेटवर फार जवळ झालेल्या एका स्फोटाची ती जन्मभराची आठवण. तिच्यात मात्र पावपटीचा हिशेब नव्हता.

मालिका बंद पडली की घाबरू नका. पुनर्प्रक्षेपण सुरू होईल आणि तुमचा चेहरा देशोदेशी रोज दिसेल. पैसे? त्या काळच्या करारात ठरावीक वेळा भाग पुन्हा दाखवला की नटांचं मानधन थांबायचं. त्यामुळे लोक तुम्हाला रस्त्यात ओळखतील आणि घरमालकही ओळखेल. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा घटस्फोट झालेला आपला कॅप्टन नाटकांचे दौरे करत होता. मुक्काम ट्रकवर बसवलेल्या खोलीत, सोबत कुत्रा आणि छोटासा टीव्ही. यानाच्या कप्तानाने चंद्रावरचा माणूस पाहिला तो ट्रकच्या मागच्या भागात बसून.

दुसरं काम मिळणार नाही, कारण निर्मात्याला तुमच्या डोक्यावर अजून तेच कान दिसत असतात. यावर निमॉयने काढलेला तोडगा शिकण्यासारखा आहे. १९७५ मध्ये त्याने ‘मी स्पॉक नाही’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. चाहते खवळले. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, ‘मी स्पॉक आहे’ असं दुसरं लिहिलं. विषय एक, पुस्तकं दोन. यातून बोध घ्या आणि नकार देताना होकाराची जागा राखून ठेवा.

आता मुद्द्याचं. राग जपा. गरम डोक्याने लगेच भांडून मोकळे होऊ नका; राग पंचवीस वर्षं मुरू द्या आणि मग छापा. १९९३ ते १९९८ या काळात या यानावरच्या जवळजवळ प्रत्येकाचं आत्मचरित्र बाजारात आलं. शॅटनर आपल्या पुस्तकासाठी यानावरची संदेश अधिकारी उहुरा झालेल्या निशेल निकोल्सची मुलाखत घ्यायला गेला. गोड आठवणी झाल्या, तो निघायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, थांब, माझं संपलं नाही. आता तुझा मला तिटकारा का आहे ते ऐक. शॅटनर पुन्हा बसला, ऐकलं आणि तेही पुस्तकात छापलं! यंत्रज्ञ स्कॉटी झालेल्या जेम्स डूहानने तर त्याला मुलाखतच दिली नाही. तो वेळ त्याने स्वतःच्या पुस्तकाला दिला असावा.

लग्नसमारंभ दवडू नका. २००८ मध्ये यानाचा सुकाणूवाला सुलू झालेल्या जॉर्ज टाकेईने ब्रॅड ऑल्टमनशी लग्न केलं. शेजारी पाठराखे म्हणून उभे होते यानावरचेच दोघे, चेकॉव्ह झालेला वॉल्टर कोनिग आणि निकोल्स. शॅटनर म्हणाला, मला बोलावलंच नाही. टाकेई म्हणाला, आमंत्रण धाडलं होतं. एका लग्नपत्रिकेवर दोन वयस्क माणसं कित्येक वर्षं गाजत राहिली. तुमच्या घरच्या कार्यातले रुसवेफुगवे त्यामानाने अगदीच फुकट जातात. गंमत अशी, की ज्या कोनिगने पाठराखण केली त्याच्यावर टाकेई आधी जळत होता. टाकेई १९६७ मध्ये एका युद्धपटाच्या चित्रीकरणाला गेला आणि त्याच्या वाट्याच्या ओळी या नव्या पोराने पळवल्या. म्हणजे वैर मिटूही शकतं. तेवढी काळजी घ्या.

जोडधंदा असावा, पण बेताचा. टाकेईने लॉस एंजेलिसच्या परिवहन मंडळावर अकरा वर्षं काढली आणि तिथल्या भुयारी रेल्वेसाठी निर्णायक मत द्यायला या मालिकेवरून पुढे निघालेल्या चित्रपटाच्या सेटवरून उठून गेला. निकोल्सने १९७७ पासून नासासाठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर व्हायला बोलावलं. त्या भरतीतून सॅली राईड आणि गायन ब्लूफर्ड आले. असली कामं केलीत तर भांडायला वेळ कुठून काढणार? त्यापेक्षा करारातलं कलम बघा. निमॉयला जे मिळेल ते शॅटनरलाही मिळावं, असं दोघांचं ठरलं होतं. निमॉयने दोन चित्रपट दिग्दर्शित केले, म्हणून १९८९ चा पाचवा शॅटनरकडे आला. त्याला त्या वर्षीचा सर्वांत वाईट चित्रपट, वाईट दिग्दर्शक आणि वाईट नट असे तिन्ही रॅझी, म्हणजे वाईट कामाचे थट्टेचे पुरस्कार, मिळाले. एकाच माणसाने घर भरून आणलं.

मुंबईकरांनी खचू नये. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात आपली पर्सिस खंबाटा होती, डोकं सफाचट करून. पुढच्याच वर्षी ती ऑस्करच्या मंचावर पुरस्कार द्यायला उभी राहिली. तिने कोणाशी काही बिनसवलेलं माझ्या ऐकण्यात नाही, आणि तिची आठवण आज किती जणांना आहे ते बघा.

टिकून राहणं मात्र हवं. निमॉय २०१५ मध्ये गेला. शेवटची काही वर्षं तो शॅटनरशी बोलत नव्हता आणि का ते आपल्याला कळलं नाही, असं शॅटनरच सांगतो. अंत्यविधीला शॅटनर गेला नाही, मुलींना पाठवलं. त्याला एका निधीसंकलनाला हजर राहायचं होतं. पुढच्याच वर्षी त्याचं या मैत्रीवरचं पुस्तक आलं. प्रत्युत्तराचं पुस्तक येण्याची भीती आता नव्हती. २०२१ मध्ये, नव्वदीत, तो खरोखर अंतराळात जाऊन आला. डूहानलाही जायला मिळालं, पण राख होऊन. २००८ मध्ये ती नेणारं रॉकेटच कोसळलं, २०१२ मध्ये दुसऱ्याने पोचवली.

डॉक्टर मॅकॉय झालेल्या डीफॉरेस्ट केलीचा कित्ता चुकूनही गिरवू नका. गृहस्थाने कोणाशी वाकडं घेतलं नाही, एकाच बायकोबरोबर जवळजवळ चौपन्न वर्षं संसार केला आणि १९९९ मध्ये आत्मचरित्र न लिहिताच गेला. प्रकाशकाचं केवढं नुकसान.

एवढं सगळं झेपणार नसेल तर निर्मात्याकडे बिननावाची भूमिका आणि लाल सदरा मागा. परग्रहावर पाऊल टाकताच पहिल्या जाहिरातीच्या आत मरायला मिळतं. खुर्ची नाही, कान नाहीत, लग्नाचं आमंत्रण नाही, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मालिकेत हवालदार म्हणून रुजू होता येतं.