प्रमाणपत्र परीक्षेत व्हीआय कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्स प्रशासकाच्या पायाभूत परीक्षेत बूट-दुरुस्ती, फाइल सिस्टिम आणि व्हीआय हा टर्मिनलवर फाइल सुधारण्याचा एडिटर यांना जागा हवीच, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. "क्लाउडच्या काळात मुलांकडून व्हीआय आणि एफएसटॅब घोकून घेणे हा जुन्या पिढीचा निव्वळ अहंकार आहे," असे आपण म्हणता. (एफएसटॅब म्हणजे यंत्र सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या, याची यादी असलेली फाइल.) मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु मुद्दा खोडण्याऐवजी लिहिणाऱ्याच्या मनातले हेतू परस्पर ठरवून मोकळे व्हायचे, ही वाद घालण्याची रीत नव्हे.

प्रिंटरचा भाग एलपीआयसी-१ या लिनक्सच्या पायाभूत प्रमाणपत्रातून गाळावा, ही आपली सूचना मात्र रास्त आहे. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेचा भाग २०१८च्या आवृत्तीत असाच गळला आणि कोणाचे काही अडले नाही.

आता तो 'अहंकार'. एफएसटॅबमध्ये यूयूआयडीचे, म्हणजे डिस्कच्या ओळखक्रमांकाचे, एक अक्षर चुकले आणि त्या ओळीत नोफेल (डिस्क न सापडली तरी पुढे जा, हा पर्याय) लिहिलेले नसले, तर क्लाउडमधले यंत्रसुद्धा सुरू होताना त्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाऊन रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड मागते, जो क्लाउडच्या इमेजमध्ये (यंत्राच्या तयार साच्यात) बहुधा ठेवलेलाच नसतो. तिथे एसएसएच, म्हणजे दुरून करायची जोडणी, लागत नाही, म्हणून ऑटोमेशनही पोहोचत नाही. डिस्क सोडवून दुसऱ्या यंत्राला जोडावी लागते, माउंट करावी (फाइली वाचता येतील अशी लावावी) लागते आणि ती ओळ हाताने सुधारावी लागते.

मी एका सहकारी बँकेच्या सर्व्हर रूममध्ये उमेदवारी केली आहे. वीज गेल्यानंतर एक सर्व्हर उठेना, कारण काढून टाकलेल्या डिस्कची ओळ एफएसटॅबमध्ये तशीच राहिली होती. प्रमाणपत्रधारक वरिष्ठ सहकारी फाइल उघडत होते, ओळ बदलत होते, पण फाइल सेव्ह होत नव्हती. रूट, म्हणजे मुख्य, फाइल सिस्टिम रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) माउंट झाली आहे आणि आधी ती लिहिता येईल अशी रीमाउंट करायला हवी, हे त्यांना सुचेना. बाहेर काउंटरवर पासबुके घेऊन माणसे ताटकळत होती. पर्यायांतून उत्तर निवडून मिळवलेले ते प्रमाणपत्र त्या वेळी काय कामाचे होते, हे आपणच सांगावे.

म्हणूनच रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए ही प्रशासकाची परीक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते. तिथे चालत्या यंत्रावर काम करून दाखवावे लागते आणि रीबूटनंतर न टिकलेला बदल धरला जात नाही. आणि "अर्धी परीक्षा व्हीआयवरच असते" हे आपण कुठे वाचलेत? एलपीआयसी-१ च्या पहिल्या पेपरात ६० प्रश्न असतात आणि फाइल संपादनाचा (म्हणजे व्हीआयचा) गुणभार ३ आहे, म्हणजे त्यावर साधारण तीनच प्रश्न. अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला आहे. टीका करण्यापूर्वी तो उघडून पाहण्याची तसदी घेतली असती, तर बरे झाले असते.

ऑटोमेशनबद्दल आपण बरेच लिहिले आहे. आरएचसीई ही रेड हॅटची पुढची परीक्षा आता अन्सिबल या ऑटोमेशनच्या साधनावरच बेतलेली आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.